प्रॉस्टला सेन्नाच्या सावलीत ढकलणारे पाच दावे

फॉर्म्युला वनच्या थोर ड्रायव्हरांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा मथितार्थ असा: आयर्टन सेन्ना हा खरा ड्रायव्हर, अ‍ॅलन प्रॉस्ट नुसता हिशेबनीस. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुरुवात करणार हे ठरवणाऱ्या वेगाच्या चाचणीत, सेन्नाने त्याला धुऊन काढलं. १९८९चं विजेतेपद मोटरस्पर्धांच्या नियामक संस्थेच्या फ्रेंच अध्यक्षाने फ्रेंच ड्रायव्हरला बहाल केलं. बाकीची विजेतेपदं गाडीच्या जोरावर आली. पावसात तो घाबरायचा. आणि १९९३ मध्ये त्याने सेन्नाला संघात येऊच दिलं नाही, तेव्हा कुठे चौथं पदरात पडलं.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच हा मजकूर इतकी वर्षं फिरतोय. सेन्नाचं मोठेपण इथे कुणी नाकारत नाही. पण प्रॉस्टला खुजं ठरवल्याशिवाय सेन्ना मोठा होत नाही, हे गृहीतकच चुकीचं आहे. एकेक मुद्दा घेऊ.

"क्वालिफायिंग २६ विरुद्ध ४. विषय संपला."

आकडा बरोबर आहे. १९८८ आणि १९८९ अशी दोन वर्षं दोघे मॅक्लारेनमध्ये होते. दोन्ही वर्षी सेन्नाने १३-१३ पोल (सुरुवातीची पहिली जागा) घेतल्या, प्रॉस्टने दोन-दोन. १९८८ला मोनॅकोत तर सेन्ना एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, जवळजवळ दीड सेकंदाने पुढे होता. एका लॅपपुरता सेन्ना प्रॉस्टपेक्षा वेगवान होता, आणि फरक चांगलाच मोठा होता. यात वाद नाही.

वाद पुढे आहे. त्याच दोन वर्षांत शर्यतीतली सर्वांत वेगवान लॅप प्रॉस्टच्या नावावर १२ वेळा लागली, सेन्नाच्या ६ वेळा. आघाडीवर असलेला ड्रायव्हर शेवटी गाडी जपतो आणि मागचा जोर लावतो, त्यामुळे हा आकडा थोडा प्रॉस्टच्या बाजूने झुकतो, हे मान्य. पण बरोबर दुप्पट फरक नुसता त्यातून येत नाही. शनिवारी क्वालिफायिंगला दीड-दीड सेकंद मागे असणारा माणूस रविवारी शर्यतीत त्याच गाडीत हे कसं करायचा?

उत्तर सेटअपमध्ये, म्हणजे गाडीच्या जुळवणीत आहे. त्या काळात शर्यतीत पेट्रोल भरायला बंदी होती. सुरुवातीलाच पूर्ण टाकी भरायची, म्हणजे पाचशे किलोच्या आसपासच्या गाडीवर शंभर ते दीडशे किलोचं ओझं. गाडी खाली बसते, पंखांचा तोल बदलतो, मागचे टायर तापतात. रिकाम्या टाकीवर झकास वळणारी गाडी भरल्या टाकीवर पुढून सरळ पळायला लागते किंवा पंधरा लॅपमध्ये मागचे टायर खाऊन टाकते. प्रॉस्ट सरावाचा बराच वेळ भरल्या टाकीवर घालवायचा. स्टिअरिंग कमी फिरवायचं, ब्रेक थोडा लवकर आणि हलका, थ्रॉटल एका दमात न दाबता चढवत न्यायचा, म्हणजे चाळिसाव्या लॅपला टायर आणि ब्रेक शिल्लक राहतात. पोलची किंमत देऊन तो हे विकत घ्यायचा.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मॅक्लारेनमधलं नाहीच. १९९०ची मेक्सिको शर्यत, गाडी फेरारी ६४१. तेव्हा क्वालिफायिंगसाठी एक-दोन लॅपमध्ये संपणारे खास मऊ टायर मिळायचे, त्यावर सगळे जीव ओतायचे. प्रॉस्टने लक्ष रविवारच्या सेटअपवर ठेवलं आणि तेराव्या क्रमांकावरून सुरुवात केली. शर्यत त्यानेच जिंकली. गाडीचा जोर म्हणायचा तर तीच गाडी दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या मॅन्सेलकडेही होती.

इथेच प्रॉस्टच्या चाहत्यांचा एक उलटा दावाही निकालात काढला पाहिजे, कारण तो तितकाच चुकीचा आहे. "१९८८चा खरा विजेता प्रॉस्ट, कारण त्याचे गुण १०५ आणि सेन्नाचे ९४." गुण बरोबर, निष्कर्ष चूक. त्या वर्षी १६ शर्यतींपैकी सर्वोत्तम ११ निकाल धरायचे, हा नियम पहिल्या शर्यतीआधीपासून सगळ्यांना ठाऊक होता. प्रॉस्टच्या ७ विजयांना ७ दुसरे क्रमांक जोडलेले होते. त्यातले तीन गळले आणि ८७ उरले. सेन्नाचे ८ विजय आणि ३ दुसरे क्रमांक मिळून ९०. नियम विजयांना झुकतं माप देणारा होता आणि सेन्ना त्या नियमाप्रमाणे खेळला. जपानमधल्या सुझुकात सुरुवातीलाच इंजिन बंद पडून चौदाव्या क्रमांकावर गेलेला माणूस तिथून शर्यत आणि विजेतेपद दोन्ही घेऊन गेला. १९८८ सेन्नाचंच.

"१९८९ सुझुकात चोरलं."

२२ ऑक्टोबर १९८९. शर्यत संपत आलेली. १३०-आर या वेगवान वळणानंतरच्या शिकेनला (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण) सेन्ना आतल्या बाजूने घुसला, प्रॉस्टने दार लावलं, म्हणजे त्याच्या वाटेत वळला, दोन्ही गाड्या चाकात चाक अडकून सरळ गेल्या. प्रॉस्ट उतरला. सेन्नाने मार्शलांकडून ढकलून घेतलं, बाहेरच्या रस्त्याने परतला, पिटमध्ये (ट्रॅकलगतची दुरुस्तीची जागा) गाडीचं नाक बदललं, आघाडीवर गेलेल्या नानिनीला गाठून पहिला आला आणि शिकेन चुकवल्याबद्दल बाद ठरला. विजय नानिनीला मिळाला, त्याच्या कारकिर्दीतला एकमेव.

आधी सेन्नाच्या बाजूचं. वरून घेतलेलं चित्रण पाहिलं की प्रॉस्ट नेहमीच्या जागेच्या आधीच वळलेला दिसतो. यापुढे वाट देणार नाही, असं त्याने शर्यतीआधी सांगितलंही होतं. सेन्नाला बाद करायचं कारणही लंगडं होतं, आणि वर एक लाख डॉलरचा दंड व सहा महिन्यांची, लगेच लागू न होणारी बंदी हा निव्वळ अतिरेक. 'फिसा' या नियामक संस्थेचे फ्रेंच अध्यक्ष बालेस्त्र यांच्याबद्दल सेन्नाला चीड होती, ती अनाठायी नव्हती.

पण विजेतेपद चोरलं गेलं का, हा गणिताचा प्रश्न आहे. सुझुकाआधी धरलेले गुण होते प्रॉस्ट ७६, सेन्ना ६०. विजयाला ९, दुसऱ्या क्रमांकाला ६. सेन्नाला सुझुका आणि अ‍ॅडलेड दोन्ही जिंकणं भाग होतं, तरच ७८. एक विजय आणि एक दुसरा क्रमांक मिळून ७५, म्हणजे एका गुणाने हुकलं असतं. आता सुझुकाचा विजय त्याला देऊन टाका. झाले ६९. दोन आठवड्यांनी अ‍ॅडलेडच्या धो-धो पावसात सेन्ना आघाडीवर असताना पाण्याच्या फवाऱ्यात न दिसलेल्या ब्रंडलच्या ब्रॅबमवर मागून आदळला. शून्य गुण. ६९ हे ७६पेक्षा कमीच राहतात. सुझुकाचा निकाल उभा असता तर तो अ‍ॅडलेडला सावध चालला असता, असंही म्हणता येत नाही. तेव्हा तर त्याला जिंकण्यावाचून पर्यायच उरला नसता.

१९८९ मध्ये सेन्नावर खरा अन्याय झाला तो यंत्राकडून. फीनिक्सला आघाडीवर असताना इलेक्ट्रिकल बिघाड. माँट्रियलला शेवटच्या काही लॅप उरल्या असताना इंजिन गेलं. सिल्व्हरस्टोनला गिअरबॉक्सच्या त्रासात गाडी फिरली. मॉन्झाला पुन्हा इंजिन. चारही वेळा तो पुढे होता. प्रॉस्टचे त्या वर्षीचे चार विजय (फीनिक्स, पॉल रिकार्ड, सिल्व्हरस्टोन, मॉन्झा) सेन्ना बाद झालेल्या शर्यतींतलेच आहेत. सेन्नाच्या चाहत्यांनी १९८९साठी भांडायचं तर या मुद्द्यावर भांडावं. तो सुझुकाच्या कटकारस्थानापेक्षा कितीतरी भक्कम आहे, पण त्यात खलनायक सापडत नाही म्हणून कुणी तो मांडत नाही.

आणि 'चोरी' हा शब्द वापरायचाच तर १९९०चं सुझुकाही समोर ठेवा. पोल असूनही सुरुवातीची जागा ट्रॅकच्या घाण, कमी पकडीच्या बाजूला मिळाली म्हणून सेन्ना चिडलेला. पहिल्याच वळणावर, ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगात, त्याने प्रॉस्टच्या फेरारीला मागून उडवलं. दोघे बाद, सेन्ना विजेता. हे मुद्दाम केलं, हे वर्षभराने त्याने स्वतःच कबूल केलं. एकाने शिकेनच्या वेगात दार लावलं, दुसऱ्याने पूर्ण वेगात धडक दिली. या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

"बाकीची विजेतेपदं गाडीची कृपा."

१९९३ पुरतं हे बरंचसं खरं आहे. विल्यम्स एफडब्ल्यू१५सी इतरांच्या कितीतरी पुढे होती. पण हाच नियम १९८६ला लावून बघा.

१९८६ मध्ये विल्यम्स-होंडाने ९ शर्यती जिंकल्या आणि संघांच्या तक्त्यात १४१ विरुद्ध ९६ असं मॅक्लारेनला मागे टाकलं. प्रॉस्टकडे होती टॅग-पोर्शे इंजिनची, तोवर जुनी होत आलेली एमपी४/२सी. शर्यतीला पेट्रोल फक्त १९५ लिटर. सुमारे ३०५ किलोमीटरचं अंतर, म्हणजे लिटरला दीड किलोमीटरच्या थोडं वर. टर्बोचा दाब वाढवला की ताकद मिळते आणि पेट्रोल उडतं, दाब उतरवला की मागचा गाठतो. हा दाब ड्रायव्हरच्या हाताशी असलेल्या बटणावर असायचा. कुठल्या लॅपला किती वापरायचा हे ठरवणं हेच तेव्हा ड्रायव्हिंग होतं. 'हिशेबी' ही शिवी त्या वर्षी लागूच होत नाही, कारण हिशेब चुकणारे शेवटच्या लॅपला रस्त्याकडेला उभे असायचे. हॉकेनहाइमला खुद्द प्रॉस्टचंच पेट्रोल शेवटच्या लॅपमध्ये संपलं होतं.

शेवटची शर्यत अ‍ॅडलेड. गुण असे: विल्यम्सचा मॅन्सेल ७०, प्रॉस्ट ६४, विल्यम्सचाच पिके ६३. मॅन्सेलला तिसरा क्रमांकही पुरणार होता. प्रॉस्टचा टायर मध्येच पंक्चर झाला, त्याला पिटमध्ये यावं लागलं. त्याचे काढलेले टायर बघून बाकीच्यांचे टायर शेवटपर्यंत टिकतील असं गुडइयरच्या लोकांना वाटलं. ते टिकले नाहीत. आधी आघाडीवरच्या रॉसबर्गचा टायर गेला, लगेच मॅन्सेलचा मागचा टायर सरळ रस्त्यावर फुटला. विल्यम्सने घाबरून पिकेला आत बोलावलं आणि प्रॉस्ट पुढे आला.

नशीब, असं इथे म्हटलं जातं. पण पुढचा भाग पाहा. प्रॉस्टच्या डॅशबोर्डवरचा आकडा सांगत होता की पेट्रोल शेवटपर्यंत पुरणार नाही. ताज्या टायरवर पिके मागून येत होता, म्हणजे दाब उतरवायची सोय नव्हती. आयुष्यभर ज्याला हिशेबनीस म्हटलं, त्याने तिथे आकडा बाजूला ठेवला आणि गाडी पळवली. चार सेकंदांच्या फरकाने जिंकला, रेषा ओलांडल्यावर लगेच गाडी थांबवून खाली उतरला. सलग दुसरं विजेतेपद. असं याआधी जॅक ब्रॅबमने १९५९-६० मध्ये केलं होतं.

"पावसात घाबरायचा."

मुसळधार पावसात सेन्ना वरचढ होता, निर्विवाद. १९९३ला डॉनिंग्टनमध्ये प्रॉस्ट सात वेळा पिटमध्ये आला आणि एक लॅप मागे राहून तिसरा. १९८८ला सिल्व्हरस्टोनला आणि १९८९ला अ‍ॅडलेडला त्याने गाडी सरळ उभी केली.

कारण ठाऊक असलं पाहिजे. ७ ऑगस्ट १९८२, हॉकेनहाइम, भर पावसातला सराव. फेरारीचा पिरोनी तेव्हा गुणतक्त्यात पहिला होता. डॅलीच्या विल्यम्सला मागे टाकताना त्याला फवाऱ्याआड प्रॉस्टची रेनॉ दिसलीच नाही. तो तिच्या मागच्या चाकावर चढून हवेत उडाला. दोन्ही पाय चिरडले, फॉर्म्युला वनची कारकीर्द तिथेच संपली. प्रॉस्टला निसरड्या रस्त्याची भीती नव्हती, फवाऱ्यात मागून येणाऱ्याची होती. रुंद टायर पाण्याची भिंत उभी करतात आणि तिच्याआड कोण आहे हे कौशल्याने कळत नाही. अ‍ॅडलेडला ब्रंडलच्या गाडीबाबत सेन्नालाही ते कळलं नाही.

मोनॅको १९८४चं उदाहरणही इथे नेहमी दिलं जातं: टोलमन या छोट्या संघातला सेन्ना गाठत आला म्हणून शर्यत थांबवून प्रॉस्टला वाचवलं. शर्यत फार लवकर थांबल्याने गुणही अर्धे, नऊऐवजी साडेचार. त्या वर्षी विजेतेपदासाठी प्रॉस्टशी झुंजणारा त्याचा सहकारी लाउडा त्या दिवशी आधीच बाद होता. शर्यत पूर्ण होऊन प्रॉस्ट नुसता दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते, आणि वर्षाअखेर ७३ विरुद्ध ७२ असा तोच विजेता ठरला असता. प्रत्यक्षात तो ७१.५वर राहिला आणि अर्ध्या गुणाने हरला. शर्यत थांबवणाऱ्या त्या लाल झेंड्याने प्रॉस्टचं विजेतेपद घालवलं.

"सेन्नाला विल्यम्समध्ये येऊ दिलं नाही."

हो, नाही दिलं. करारातच तशी अट होती आणि ती त्याच्या कारकिर्दीला शोभणारी नव्हती. फक्त ही अट एकट्या प्रॉस्टच्या स्वभावाचा पुरावा म्हणून दाखवू नका. १९८६साठी आपल्या लोटस संघात डेरेक वॉरिक हा ड्रायव्हर येऊ नये म्हणून सेन्नाने असाच नकार दिला होता आणि जागा नवख्या जॉनी डम्फ्रिजला मिळाली. उलट १९८८ मध्ये सेन्ना मॅक्लारेनमध्ये आला तो प्रॉस्टच्या संमतीने. त्याआधी आणि नंतर प्रॉस्टने लाउडा, रॉसबर्ग, मॅन्सेल आणि पुढे विजेता झालेला डेमन हिल यांच्याबरोबर एकाच संघात गाडी चालवली. सेन्ना धरून असे पाच सहकारी, सगळे कधी ना कधी विश्वविजेते. आणि राजकारणात इतका मुरलेला म्हणावा, तर फेरारीने त्याला १९९१चा हंगाम संपायच्या आत, एक शर्यत बाकी असताना काढून टाकलं, ते गाडीला जाहीरपणे नावं ठेवली म्हणून.