चष्मा पत्र्याच्या पेटीत होता

पर्वतीच्या उताराला लागून असलेल्या एका वस्तीत एका संस्थेची संध्याकाळची अभ्यासिका चालते. समाजमंदिराची एक खोली, वर पत्रा, खाली सतरंजी, पस्तीसेक मुलं आणि एक ताई. गेली तीन वर्षं मी दर शनिवारी तिथे जाते, मुलांना गोष्टी वाचून दाखवते. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. मला जे म्हणायचंय ते पुण्यातल्या अशा प्रत्येक अभ्यासिकेला लागू आहे.

चौथीतला एक मुलगा आहे. फळ्यावरचं उतरवून घ्यायची वेळ आली की शेजारच्याच्या वहीत मान घालायचा. मला वाटायचं, नक्कल करतोय. ताईंनी मात्र एक गोष्ट टिपली. तो शेजारच्याच्या चुकासुद्धा जशाच्या तशा उतरवायचा, पण पुस्तक नाकाशी धरलं की घडाघडा वाचायचा. पुढे एका देणगीदारांनी वस्तीत नेत्रतपासणीचं शिबिर घेतलं. त्याला नंबर निघाला, चष्मा मिळाला, सगळ्या मुलांचा फोटो झाला. पुढच्या शनिवारी बघते तर पोरगं पुन्हा शेजारच्या वहीत.

"चष्मा कुठाय रे?"

"घरी."

ताई त्याच्या घरी गेल्या, मीही बरोबर गेले. त्याच्या आईने कॉटखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली. वर रेशनकार्ड, त्याखाली जन्माचे दाखले, त्याखाली लग्नातली साडी आणि साडीच्या घडीत चष्मा. "मोडला तर परत कोण देणारे? म्हणून जपून ठेवलाय," ती म्हणाली.

तिचं काहीएक चुकलेलं नव्हतं. ज्या घरात फुकट मिळालेली वस्तू दुसऱ्यांदा मिळत नाही, तिथे ती अशीच जपतात. ताई म्हणाल्या, "वहिनी, मोडला तर मी बघते. माझ्यावर सोडा." मग पहिला आठवडा चष्मा अभ्यासिकेच्या कपाटात राहिला, संध्याकाळी घालायचा आणि जाताना ठेवायचा. दुसऱ्या आठवड्यात ताईंनी त्याला काड्यांमधून नाडी ओवून दिली. मग महापालिकेच्या शाळेत जाऊन त्याच्या बाईंना भेटल्या आणि त्याला पुढच्या बाकावर बसवून घेतलं. 'चष्मिस' म्हणून चिडवणाऱ्या दोघांना काम दिलं, रोज चष्म्याची काच पुसायचं. महिनाभराने तो चष्मा त्याच्या नाकावर कायमचा बसला.

चष्म्याला देणगीदार मिळाला होता. त्या महिन्याला मिळाला नव्हता.

गेले काही दिवस माझ्या डोक्यात हेच घोळतंय, म्हणून लिहिते आहे. 'सर्वांगीण शिक्षण' हा शब्द प्रत्येक संस्थेच्या पत्रकावर असतो. तो कुणा संस्थेने शोभेला लावलेला शब्द नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच मुलाचा सर्वांगीण विकास, कृतीतून शिकणं आणि मुलाला भीती व दडपणापासून मुक्त ठेवणं हे सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे हा मुलांचा हक्क आहे. पण तो हक्क वस्तूंच्या खोक्यांतून पोचत नाही. तो पोचवायला रोज तिथे असणारं, नावानिशी ओळखणारं एक माणूस लागतं.

ताईंच्या खोलीत हे कसं चालतं ते सांगते. जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. पूर्वी वर्ग सोडून द्यायला लागायचा. आता ताई बोलणंच बंद करतात. फळ्यावर प्रश्न लिहितात आणि मुलं पाटीवर उत्तर लिहून वर धरतात. एकमेकांशी भांडायचं तेही लिहून! एरवी चार ओळी लिहायला कुरकुरणारी मुलं त्या तासात पानभर लिहितात. अपूर्णांक भाकरीवर होतात. अर्धी, चतकोर, नितकोर हे शब्द मुलांच्या घरातलेच आहेत, त्यामुळे एक चतुर्थांशाचा अर्धा किती हे त्यांना तोंडावर येतं. सहावीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते, कारण आई धुण्याभांड्याला गेलेली असते. ताईंनी कोपऱ्यात एक गोधडी अंथरून ठेवली आहे. भाऊ तिथे झोपतो, बहीण शिकते. ती गोधडी नसती तर त्या मुलीची अभ्यासिका केव्हाच सुटली असती.

आणि इथे तबला आहे, लेझीम आहे, चित्रकला आहे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "त्यांना आधी इंग्रजी आणि कॉम्प्युटर येऊ दे. तबला, चित्रकला हे नंतरचे चोचले." मला फार लागलं ते. आपल्या घरातल्या मुलांना आपण तिसरीत पोहायला घालतो, चौथीत पेटीच्या क्लासला, आठवीत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा, मग इंटरमिजिएट. त्या वेळी कुणी म्हणत नाही की आधी गणित पक्कं होऊ दे. शिवाय इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. रंगांची पेटी आणि शिकवणारं माणूस ज्याला परवडतं त्याला ते गुण, बाकीच्यांनी नुसतं गणित करायचं, हे कसलं गणित?

आपल्याच शहराचा इतिहास काढून बघा. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. नंतर त्यांनी पुण्यात आणखी शाळा काढल्या आणि त्यांतल्या एका शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने विचारलं होतं की वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता? वर्षं मोजा. शाळा सुरू झाल्यापासून अवघ्या काही वर्षांत एक मुलगी अक्षरं गिरवण्यापासून सगळ्या समाजाला जाब विचारण्यापर्यंत पोचली. नुसती बाराखडी शिकवून हे होत नाही. तिच्या प्रश्नाला कुणीतरी वर्गात गप्प केलं नव्हतं, म्हणून तो कागदावर उतरला.

आता जे लिहिते आहे ते माझ्याबद्दलही आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी याच वस्तीत चाळीस दप्तरं वाटली. चांगली, पावसाळी कव्हर असलेली. मुलं खूश, मी समाधानी. त्याच वर्षी आधीच्या ताईंचं मानधन तीन महिने थकलं. त्यांना घर चालवायचं होतं. त्या सोडून गेल्या आणि खोलीला दोन महिने कुलूप लागलं. चाळीस नवी दप्तरं वस्तीत आणि ती घेऊन जायला अभ्यासिका नाही. दप्तरांचे पैसे मी मानधनाला दिले असते तर ते थकले नसते. मला कुणी तसं सुचवलं नाही हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं.

आताच्या ताई याच वस्तीतल्या आहेत. मुक्त विद्यापीठातून बीए केलंय. सकाळी एका बालवाडीत, संध्याकाळी इथे. इथलं मानधन हे चार घरची धुणीभांडी करून मिळतं त्यापेक्षा कमी आहे. आणि दर महिन्याला कुणाचा तरी फोन येतो की मुलाचा वाढदिवस अभ्यासिकेत साजरा करायचाय. गेल्या डिसेंबरात एका आठवड्यात तीन केक आले. मुलांनी तीनदा रांगेत उभं राहून अनोळखी मुलांसाठी टाळ्या वाजवल्या. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, मला ठाऊक आहे. पण त्या आठवड्यात तीन संध्याकाळचा अभ्यास गेला.

'पगारासाठी पैसे देता येत नाहीत' हे वाक्य मी एका कंपनीच्या माणसांकडूनही ऐकलं आहे. हा गैरसमज आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करावे लागतात आणि त्यात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्पात मुलांना प्रत्यक्ष शिकवणाऱ्या बाईंचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. शिकवणारी बाई हीच शाळा असते, तिला 'वरखर्च' कसं म्हणता येईल?

पुण्यात हे ओळखून काम करणारी माणसं आहेत. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल पुण्यात बांधकामांच्या साइटवर वर्ग घेते, बसमध्ये वर्ग घेते. इमारत उभी राहिली की मजुरांची कुटुंबं दुसऱ्या साइटवर जातात, मुलंही जातात. अशा ठिकाणी बाक, कपाटं, रंगवलेल्या भिंती देऊन काय उपयोग? सोबत जाऊ शकतं ते माणूसच.

मागच्या महिन्यात ताई मुलांना पर्वतीवर घेऊन गेल्या. जन्मापासून पायथ्याशी राहणारी मुलं, पण बरीचशी वर पहिल्यांदाच आली होती. चढताना पायऱ्या मोजायच्या आणि १०३ भरतात का ते सांगायचं, असं ठरलं होतं. चौघांचे आकडे वेगळे आले आणि वर पोचल्यावर मोठा वाद झाला. आमचा चष्मेवाला त्या वादात नव्हता. तो कठड्याशी उभा राहून खाली बघत होता. मला हाताने ओढून म्हणाला, "काकू, ती निळी ताडपत्री दिसतीय ना, त्याच्या बाजूचं आमचं घर. आई दारात बसलीय." मला काही दिसेना. त्याला दिसत होतं.

जूनपासून ताईंचं मानधन आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांनी वाटून घेतलंय. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाते, पावती मिळते. खाऊ, केक, फोटो काही नाही. आम्हाला आणखी एक घर हवंय, म्हणजे सुट्टीच्या दिवसांतही मानधन पूर्ण देता येईल. ज्यांना जमेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. आणि तुमच्या घराजवळ दुसरी एखादी अभ्यासिका असेल तर तिथेच जा, आणि वह्या किती लागतील हे विचारण्याआधी ताईंचं मानधन वेळेवर होतं का ते विचारा.