लेथच्या जॉबला वेल्डिंगची केबल जोडू नका

हिंगणघाट-वणीकडच्या लेथवाल्यांच्या फोनवर एक मेसेज फिरतो आहे: ‘जॉबला वेल्डिंग मशीनचा करंट द्या, कडक पोलाद लोण्यासारखं कापलं जातं. तापवायची गरज नाही. रशियाचा नवा शोध.’ जॉब म्हणजे लेथवर फिरवून कापायचा तुकडा. मेसेज साफ खोटा नाही, म्हणूनच नीट उत्तर द्यायला हवं.

‘नवा शोध’ म्हणाल, तर 1963 साली सोव्हिएत संघात ट्रॉइट्स्की आणि लिख्टमन यांनी जस्ताच्या स्फटिकांवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तेव्हा ते कमी ताणातच आकार बदलू लागले. पुढे इतर धातूंवर करंटचे झटके देऊन पाहिले गेले. टर्निंग करताना (जॉब फिरवत टूल म्हणजे कापायच्या हत्यारानं सोलताना) असे झटके दिल्यावर टूलवरचा जोर कमी झाल्याचंही प्रयोगांत दिसलं आहे. इथवर खरं.

आता ‘वेल्डिंग मशीनचा करंट’. यातच सगळी गफलत आहे. प्रयोगातला झटका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका छोटा, पण दर चौरस मिलिमीटरला शेकडो, कधी हजारो अँपिअरचा असतो. जिनिंगचा 30 मिमी व्यासाचा शाफ्ट घ्या. त्याचा छेद सुमारे 707 चौ. मिमी. मशीन 200 अँपिअर देत असेल, तर दर चौ. मिमीच्या वाट्याला 0.28 अँपिअर येतात. एवढ्यानं शाफ्ट मिनिटभरात हाताला जाणवेल इतकाही तापत नाही, मऊ होणं दूरच. दर चौ. मिमीला 1000 अँपिअरच्या हिशोबानं सात लाख अँपिअर लागतील. तेवढे आपल्या डीपीतून कुठून येणार?

कुणी म्हणेल, करंट टूलमधून सोडला तर टोकाशीच एकवटेल. बरोबर आहे, प्रयोगशाळेतही तसं करतात. पण तिथे टूल मशीनपासून इन्सुलेट केलेलं असतं, करंट ब्रशनं जॉबला पोचतो आणि पुरवठा खास पल्सचा असतो. आपल्याकडे टूल जरा उचललं की ठिणगी उडेल आणि टूलच्या कार्बाइड टोकाची धार तुटेल. अर्थिंगचा क्लॅम्प लेथच्या बेडवर लावला, तर करंट जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलच्या बेअरिंगमधून जाईल, गोळ्यांवर खड्डे पडतील. कूलंटनं ओले हात त्या मशीनवर असतात, हेही विसरू नका. वेल्डिंग सेटचा मोकळा (ठिणगी सुरू नसतानाचा) व्होल्टेज 60-80 असतो.

‘तापवायची गरज नाही’ यावर तर शास्त्रज्ञांतही वाद आहे. झटक्याच्या परिणामात इलेक्ट्रॉनांच्या धक्क्याचा वाटा किती आणि निव्वळ उष्णतेचा किती, हे अजून मिटलेलं नाही.

कमानपाट्याचा तुकडा किंवा कडक एक्सल टर्न करायचा असेल, तर आधी लाल करून कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरा, रात्रभर थंड होऊ द्या, आणि काम झाल्यावर पुन्हा हार्डनिंग-टेंपरिंग करून (तापवून-विझवून कडकपणा परत आणून) घ्या. तापवता येत नसेल तर चांगली कार्बाइड टीप लावा, स्पीड उतरवा, कट कमी घ्या. वेळ जास्त जाईल, पण स्पिंडल शाबूत राहील.