पाच नंबरचा डबा

फुकटात मिळालेल्या दोन डब्यांकडे बघून अजूनही माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले.

रेझिनच्या नावपाट्या, कीचेन, वाळवलेली फुलं घातलेले कोस्टर असं काहीबाही मी घरी करते. घरचे त्याला ‘तिचं ते चिकट काम’ म्हणतात. दोन भाग रेझिन म्हणजे चिकट पातळ रसायन, एक भाग ते घट्ट करणारं हार्डनर, नीट ढवळायचं आणि साच्यात ओतायचं. ढवळायचं कशात, हे मात्र खोक्यावर कुणी छापत नाही. बाटल्या देतात, पातळ हातमोजे देतात, आइस्क्रीमची काडी देतात. भांड्याचं ज्याचं त्यानं बघावं. एवढे पैसे घेऊन एक डबा देववत नाही मेल्यांना!

बरं, भांडं वाटेल ते चालत नाही. काचेच्या वाटीत रेझिन एकदा घट्ट झालं की वाटी गेली. स्टीलचं तेच. कागदी कप एका वेळेपुरता ठीक, पण त्याच्या तळाच्या खाचेत कच्चा माल दडून बसतो आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या आडनावावर चिकट डाग उमटतो. वाढदिवसाला आणतात ते कडक पारदर्शक ग्लास पॉलिस्टायरीनचे. रेझिन घट्ट होताना चांगलंच तापतं, तेवढ्यात ग्लास मान टाकतो. पॉलिएस्टर रेझिन असेल तर तापायचीही वाट बघायला नको, त्यातलं स्टायरीनच ग्लास खातं. चालतो तो पॉलिप्रॉपिलीनचा डबा. त्याला घट्ट झालेलं रेझिन धरत नाही. डबा जरा पिळला की आतली पापडी सुटून हातात येते. ओळख म्हणजे बुडाशी त्रिकोण आणि त्रिकोणात पाचचा आकडा. डबा पसरट हवा, कारण खोल भांड्यात रेझिन साचून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेनं धुरायला लागतं. आणि असे डबे दोन हवेत. एकात ढवळायचं, दुसऱ्यात ओतून पुन्हा ढवळायचं, म्हणजे कडेला चिकटलेला कच्चा माल पहिल्यातच राहतो.

असे डबे घरात आहेत. श्रीखंडाचे. एकात मेतकूट, एकात साबुदाणा, एकात बटणं. पण सासूबाईंकडे श्रीखंडाचा डबा मागणं म्हणजे त्यांच्या पाटल्या मागण्यासारखं आहे. त्यातून रेझिन लागलेला डबा पुन्हा खाण्याच्या वस्तूंना वापरायचा नाही, हे मी सांगितलं मात्र, डबे वरच्या फळीवर गेले आणि शिडी माळ्यावर.

म्हणून आमच्या इंदूरचा सियागंज बाजार गाठला.

इंदूरबद्दल एक सांगायला हवं. या गावात सकाळी पोहे-जलेबी, संध्याकाळी छप्पन दुकान, आणि रात्री सराफ्यातल्या सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच ओट्यापुढे भुट्ट्याचा कीस. भांडं घ्यायला आलेला माणूस खाण्याव्यतिरिक्त आणखी कशासाठी आला असेल, ही शंका इथे कुणाच्या मनाला शिवत नाही. डिस्पोजलवाल्यानं मान वर न करता विचारलं, “कितने आदमी का प्रोग्राम है?”

“प्रोग्राम नहीं है. दो डिब्बे चाहिए.”

“दो सौ?”

“दो.”

आता त्यानं मान वर केली. शेजारी टोपीवाले एक काका नातवाच्या मुंजीसाठी द्रोण मोजून घेत होते, त्यांचंही मोजणं थांबलं. “दोनच माणसं जेवायला?” काकांनी मराठीत विचारलं. आवाजात कळवळा होता. कुठल्या गरीब घरचं कार्य आहे, अशा नजरेनं त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

मी उत्तर न देता समोरच्या चळतीतला एक डबा उचलला आणि उलटा करून बूड वाचायला लागले. आकडा पुसट होता, म्हणून चष्मा कपाळावर सरकवून उजेडात धरला. बुडाशी दोन. मालाला हरकत नाही, पण भिंती पन्हाळीदार. ती खाच काडीनं कोण कोरत बसणार? दुसरा उचलला. सहा, म्हणजे पॉलिस्टायरीन. खाली ठेवला. तिसरा. पाच! त्याचा मी मोबाइलवर फोटो काढला, नवऱ्याला पाठवायला. नेमका तिथेच घात झाला.

दुकानदार उठून उभा राहिला. पोऱ्यानं न सांगता मागच्या कप्प्यावर पडदा ओढला.

“मैडम, अपने यहाँ पन्नी-वन्नी कुछ नहीं रखते. सब कागज़ का माल है. ये देखो, गन्ने वाली कटोरी.”

“मुझे प्लास्टिक ही चाहिए.”

“काय को मज़ाक करिये हो मैडम. प्लास्टिक तो बंद है.”

1 जुलै 2022 पासून देशभर जे बंद आहे ते पेले, ताटल्या, काटे-चमचे, स्ट्रॉ वगैरे. झाकणाचे डबे त्या यादीत नाहीत. मी हे त्याला नीट समजावून सांगितलं. नियम इतका पाठ असलेली बाई नगर निगमची, म्हणजे महापालिकेची, नाही तर कुठली? 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर पटकावलेल्या या शहरात बूड तपासणारी बाई एकाच खात्याची असू शकते. त्यानं खुर्ची पुसली. पोऱ्या चहाला पळाला.

काका मदतीला धावले. “अरे भिया, ये अपनी रामबाग की है. मैंने गणपती में देखा है इनको.” मग मला म्हणाले, “पण काय भरणार हो यात?”

“रेझिन. रसायन असतं. ते ओतून पाट्या करतात.”

“मग स्टीलचं न्या की. स्टीलला काऽऽही होत नाही. आमच्याकडे चाळीस वर्षांचं लोणच्याचं—”

“लोणचं घट्ट होत नाही काका.”

“होतं. तेल कमी पडलं की होतं.”

यावर काय बोलणार? उभ्या गल्लीत मालाचं खरं ज्ञान मला एकटीला होतं आणि माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. हेच माझा नवरा एखादं ड्रिल मशीन घ्यायला आला असता तर वॅटपासून वॉरंटीपर्यंत अदबीनं चर्चा झाली असती. बाईनं डबा मागितला की एक तर स्वयंपाक, नाही तर धाड.

शेवटी पाच नंबरचे दोन डबे कागदात गुंडाळून माझ्यापुढे आले, वर चहा. मी पैसे काढले. दुकानदारानं कानाला हात लावले. “रहने दो मैडम, अपनी दुकान है.” मी नोट ठेवली, त्यानं परत दिली. मी पुन्हा ठेवली, तर त्यानं ती माझ्या पिशवीतच सरकवली. मग मी भीतभीत बिल मागितलं. त्याचा चेहरा असा पडला की पोऱ्यानं त्यालाच पाणी दिलं. दोन डबे, किंमत एका प्लेट पोह्यांहून कमी, आणि मी चारचौघांत लाच खाऊन दुकानाबाहेर पडले.

काका मागोमाग आले. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनी, ओळख निघालीच आहे म्हणून बोलतो. आमच्या गल्लीत नर्मदेच्या नळाला प्रेशरच येत नाही.”

“काका, मी निगममध्ये नाही.”

“हो, हो, कळलं मला. असं भर बाजारात कोण कबूल करणार? मी अर्ज टाइप करून आणून देतो.”

काल आणून दिला. खाली उभ्या गल्लीच्या सह्या आहेत, आणि सगळ्यात वर आमच्या सासूबाईंची.