फोनबंदीचा रविवार

रविवारची सुट्टी आपल्याला फुकट मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस भोंगा वाजत असे, त्या काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून कामगारांच्या सभा घेऊन आणि अर्ज देऊन ती मागितली, रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा दाखलाही दिला असे सांगतात, आणि अखेर 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी मिळाली. एवढ्या खटपटीने पदरात पडलेल्या त्या दिवशी आमच्या पुण्यातल्या घरात पाच माणसे पाच कोपऱ्यांत बसून पाच पडद्यांकडे पाहत असतात, हे लोखंड्यांना आधी कळले असते तर त्यांनी तो अर्ज मागे घेतला असता, असे माझ्या बायकोचे मत आहे.

हे मत तिने बोलून दाखवले तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते, कारण तिच्या मतांमागून नेहमी अंमलबजावणी येते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याची रीत सुरू केली, ही बातमी तिने जपून ठेवली होती. अख्ख्या गावाला जे रोज जमते ते पाच माणसांना आठवड्यातून एकदा जमू नये काय, असा तिचा सवाल होता. दीड तास वेगळा आणि अख्खा दिवस वेगळा, असे मी म्हणालो. तिने शांतपणे दीडला सातने गुणले, साडेदहा तास आले, आणि सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत नेमके तेवढेच होतात हे तिने मला बोटांवर मोजून दाखवले.

निर्बंध मान्य झाला की मराठी घरात पहिले काम असते ते अपवाद ठरवण्याचे. ज्या समाजाने उपवासाला साबुदाणा, भगर, रताळी आणि शेंगदाण्याची आमटी बसवली, तो समाज फोनबंदीपुढे हात टेकणार नव्हता. आईने सर्वांत आधी हरिपाठ सोडवून घेतला. तो ती यूट्यूबवर ऐकते आणि देवाच्या कामाला बंदी लागू होत नाही, यावर तिच्याशी वाद घालण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. मुलीने अभ्यासाचे व्हिडिओ पुढे केले. चिरंजीवांनी, क्रिकेटचा स्कोअर पाहणे हे फोन पाहण्यात मोडत नाही, कारण त्यात आपण फक्त आकडे पाहतो, असा युक्तिवाद केला. मी कार्यालयातून येणाऱ्या तातडीच्या फोनचा मुद्दा मांडला. रविवारी मला कार्यालयातून कधी कोणाचा फोन आला आहे, असे बायकोने विचारले, आणि त्या प्रश्नाने माझ्या एकूण कारकिर्दीवरच प्रकाश पडला.

यातून वाट काढण्यासाठी मी बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या एका सहकाऱ्याचा सल्ला घेतला. कोकणात तेलाच्या घाण्यावर गुजराण करणाऱ्या त्याच्या पूर्वजांना शेजारीपाजारी शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणजे या विषयातला त्याचा अनुभव वंशपरंपरेचा होता. त्याने सांगितले की शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्ज्य असलेल्या कामांचे एकोणचाळीस प्रकार शास्त्राने ठरवून दिले आहेत, त्यांत विस्तव पेटवणे येते, म्हणून कडक पाळणारे लोक दिव्याचे बटणसुद्धा दाबत नाहीत. मग अंधारात बसता काय, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, ‘‘दिवा शुक्रवारीच लावून ठेवायचा, नाहीतर त्याला टायमर बसवायचा. जेवणही आदल्या दिवशीच रांधून ठेवायचे. विश्रांतीची सगळी मेहनत आदल्या दिवशी असते.’’ ही मेहनत घरात कोण करते, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, एवढे मात्र त्याने जाता जाता सांगितले, आणि ही कल्पना आमच्या मुलीला फारच आवडली.

त्यानुसार शनिवारी रात्री आमच्या घरात लगबग उडाली. दुधाची मागणी ॲपवर नोंदवून झाली, वीजबिल भरून झाले, रविवारचे वाढदिवस शोधून त्यांना शनिवारीच शुभेच्छा धाडण्यात आल्या आणि त्यामुळे दोन नातेवाईक गोंधळात पडले. मग पाचही फोन स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवून तो डबा स्वयंपाकघराच्या फडताळात गेला.

रविवारी सकाळी पहिला शोध लागला तो असा की घरात कोणालाही वेळ कळत नव्हती. भिंतीवरचे घड्याळ केव्हा बंद पडले याचा पत्ता नव्हता, कारण त्याच्याकडे पाहण्याची वेळच कोणावर आली नव्हती. भाजीवाल्याकडे मी पाचशेची नोट घेऊन गेलो, तेव्हा त्याने क्यूआर कोडच्या पाटीकडे बोट दाखवून माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की आपण नोट घरीच छापली असावी, असे मलाही क्षणभर वाटले. सुटे त्याच्याकडे नव्हते. नोट मोडण्यासाठी मी जी खरेदी केली, तिच्यामुळे पुढचे चार दिवस आमच्याकडे दुधी भोपळा होता.

खरी परीक्षा दुपारी झाली. आमच्या सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार पाहुण्यांसाठी ॲपवरून परवानगी मागतो, आणि परवानगीखेरीज तो प्रत्यक्ष माझ्या सासऱ्यांनाही आत सोडत नाही. फडताळातला डबा एकाएकी गुरगुरू लागला. आत पाच फोन एकमेकांवर आपटत थरथरत होते, वरच्या वाट्या किणकिणत होत्या आणि आम्ही पाचही जण डब्याकडे पाहत निश्चल बसलो होतो. कोणीही झाकणाला हात लावला नाही. थोड्या वेळाने खालून खणखणीत हाक आली, ‘‘अरे, कोणी जिवंत आहे का वर?’’ ते बायकोचे मामा होते. जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत विनासायास पोहोचतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पाहुण्यांना नियम लागू नाही, असा निकाल आईने दिला. त्यासरशी मुले मामाआजोबांच्या दोन्ही बाजूंना इतकी चिकटून बसली की त्यांना गहिवरून आले. मामा सामना पाहत होते, हे त्या जिव्हाळ्याचे कारण आम्ही त्यांना सांगितले नाही. चहाबरोबर वाद निघाला तो महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच ठिकाणाचा. मामा साल्हेर म्हणाले, मी कळसूबाई म्हणालो. गूगल नसल्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचे ज्ञान खरे, ही जुनी पद्धत पुन्हा अमलात आली आणि मी हरू लागलो. शेवटी मुलीने शाळेचा नकाशासंग्रह शोधून काढला; कळसूबाई 1646 मीटर आणि साल्हेर 1567 मीटर निघाले. किल्ल्यांत साल्हेरच उंच, आणि आपण किल्ल्यांबद्दलच बोलत होतो, असे मामांनी जाहीर केले. हातात फोन असूनही त्यांनी तो वादात एकदाही वापरला नव्हता, याचे कारण तेव्हा माझ्या ध्यानात आले.

दिवेलागणीला सगळे गच्चीवर गेले आणि तीन ताऱ्यांच्या योजनेतली एक उणीव लक्षात आली: महिना आषाढाचा होता. लोहगावच्या दिशेने येणारे विमान चिरंजीवांनी पहिला तारा म्हणून मोजून घेतले. ढगांच्या फटीत काहीतरी चमकले, तो शुक्र की तारा हे ओळखणारे ॲप मुलीच्या फोनमध्ये होते आणि फोन डब्यात होता. तेव्हा आईनेच मार्ग काढला. संकष्टीला चंद्र ढगाआड असला तर कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ पाहून आम्ही नैवेद्य दाखवतो, तसेच येथे सूर्यास्ताची वेळ पाहावी, असे ती म्हणाली. वेळ छापलेली होतीच, परंतु आत्ता किती वाजले हे विचारण्यासाठी शेजाऱ्यांकडे जावे लागले.

रात्री जेवताना, हा प्रयोग दर आठवड्याला करायचा असे ठरले आणि चिरंजीवांनी दुरुस्ती सुचवली. रविवारऐवजी गुरुवार ठेवावा. आमच्या भागात देखभालीसाठी वीज आणि पाणी बहुधा गुरुवारीच बंद असते, तेव्हा सगळे हाल एकाच दिवशी उरकतील. आईने, गुरुवारी आपला दत्ताचा उपवास असतोच, म्हणून पाठिंबा दिला. बायकोलाही हे पटले. गुरुवारी मुले दिवसभर शाळेत असतात आणि शाळेत फोन नेण्यास मुळातच मनाई आहे, हे मी सांगणार होतो, पण तोवर मतदान झाले होते.