सत्रे वाढवली म्हणून शिकवण्याचे दिवस वाढत नाहीत

वार्षिक परीक्षा संपत आल्या की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मोठी उन्हाळी सुट्टी मुलांना शेतात राबता यावे म्हणून सुरू झाली, वर्षाचे दोन भाग पाडणे हीसुद्धा जुनाट पद्धत आहे, पुढारलेल्या संस्था तीन-चार सत्रांकडे वळल्या आहेत, आणि सत्रे वाढवली की शिकवणे वाढते व परीक्षेचा ताण घटतो. यातले एकही विधान तपासणीत धडपणे टिकत नाही.

शेतीचे कारण ऐकताक्षणी पटते, पण ते शेतीच्याच कामांशी जुळत नाही. हा दावा मुख्यतः अमेरिकेबद्दल केला जातो, आणि तिथे शेतावर माणसांची निकड वसंतातल्या पेरणीला व शरदातल्या कापणीला अधिक असे. म्हणूनच १९व्या शतकात तिथल्या खेड्यांतल्या शाळा हिवाळ्यात आणि चक्क उन्हाळ्यात भरत आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत बंद राहत. मोठ्या शहरांतल्या शाळा मात्र जवळजवळ वर्षभर चालत. उकाड्यात तिथले वर्ग ओस पडत, ऐपत असलेली कुटुंबे शहराबाहेर जात, आणि शिक्षणव्यवस्था चालवणाऱ्यांना खेड्यांची व शहरांची वेळापत्रके एकसारखी करायची होती. या ओढाताणीतून आजची लांब सुट्टी आकाराला आली. शेतीसाठीच दिलेली सुट्टी पाहायची असेल तर ती स्कॉटलंड आणि डेन्मार्कमध्ये सापडते. तिथे मुले बटाटे काढायला जात, म्हणून त्या सुट्टीला बटाट्याच्या सुट्टीचे नाव पडले. आणि ती येते ऑक्टोबरमध्ये.

जुने-नवे हा वाद तर उलटाच आहे. ऑक्सफर्डमध्ये मायकलमस, हिलरी आणि ट्रिनिटी अशी तीन सत्रे आहेत, त्यांची नावे ख्रिस्ती सणांवरून आलेली आहेत आणि प्रत्येकात अध्यापनाचे आठवडे आठच असतात. म्हणजे तीन सत्रे हा काही नव्या जमान्याचा शोध नव्हे. चार तिमाह्यांची पद्धत शिकागो विद्यापीठाने १८९२ मध्ये दारे उघडली तेव्हापासून चालवली आहे. बर्कलेचा प्रवास तर मजकूर लिहिणाऱ्याने मुद्दाम वाचावा असा आहे: १९६६ मध्ये तिथे तिमाही पद्धत आली आणि १९८३ मध्ये ते विद्यापीठ पुन्हा दोन सत्रांवर परतले. ओहायो स्टेट विद्यापीठानेही २०१२ मध्ये तिमाही सोडून सेमिस्टर स्वीकारले. वाटचाल एकाच दिशेने चालली आहे, असे यावरून तरी दिसत नाही.

‘सेमिस्टर’ या शब्दामुळेही गोंधळ होतो. लॅटिनमधल्या ‘सहा’ आणि ‘महिना’ या शब्दांपासून तो बनला आहे खरा, पण सहा महिने शिकवले जाते असा त्याचा अर्थ नाही. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री साधारणपणे १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असते. व्याख्याने मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच चालतात. उरलेला काळ परीक्षा, निबंध आणि स्वाध्यायाचा.

आता खरा प्रश्न शिकवण्याच्या वेळेचा. समजा वर्षात ३० आठवडे हाताशी आहेत. त्यांचे १५-१५ चे दोन भाग केले काय किंवा १०-१० चे तीन केले काय, बेरीज तीच राहते. उलट प्रत्येक सत्राच्या सुरुवातीचे काही दिवस विषय निवडण्यात, वेळापत्रक बसवण्यात आणि ओळखपाळखीत जातात, तर शेवटचे परीक्षेत. दर सत्रामागे असे दोन आठवडे धरले तर दोन सत्रांत शिकवायला २६ आठवडे उरतात आणि तीन सत्रांत २४. सुट्ट्या वर्षभर विखुरणाऱ्या अमेरिकी शाळांचेही असेच आहे. ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी या त्यांच्या प्रसिद्ध आराखड्याची चार आवर्तने केली की शाळेचे दिवस १८०च भरतात, म्हणजे तिथल्या नेहमीच्या वर्षाइतकेच. लांब सुट्टीत शिकलेले विसरले जाते ही चिंता रास्त आहे, परंतु तिच्यावर उतारा म्हणून दिवस वाढवणे वेगळे आणि सुट्टीचे तुकडे करणे वेगळे.

ताणाबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. एकाच वेळी अंगावर येणारा अभ्यासक्रम लहान सत्रात कमी असतो आणि नावडत्या विषयातून सुटकाही लवकर होते, हे मान्य. पण दहा आठवड्यांच्या सत्रात चौथ्या-पाचव्या आठवड्यात मध्यसत्र परीक्षा उभी राहते. तिसऱ्या आठवड्यात तापाने अंथरुणाला खिळलेली विद्यार्थिनी परत येते तेव्हा सत्राचा दहावा हिस्सा हातचा गेलेला असतो. पहिली गृहपाठवही तपासून मिळण्याआधीच दुसरी द्यायची असते आणि आपले कुठे चुकते हे कळेपर्यंत मध्यसत्राची तारीख येऊन ठेपते. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हाच आजार सावरायला उसंत मिळते. त्याची किंमत म्हणजे शेवटी साचणारा अभ्यास, आणि तोही काही सुखाचा नसतो.

राहता राहिला अधिक सत्रे म्हणजे अधिक श्रेयांक (पूर्ण केलेला अभ्यास मोजण्याचे एकक, म्हणजे क्रेडिट) हा समज. युरोपातल्या श्रेयांक-पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक ठरलेले आहेत. दोन सत्रे असतील तर प्रत्येकी ३०, तीन असतील तर प्रत्येकी २०. अमेरिकेत तिमाहीचा एक श्रेयांक सेमिस्टरच्या दोन-तृतीयांश श्रेयांकाइतका धरतात, त्यामुळे विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्याचे तिमाहीतले ४५ श्रेयांक नव्या ठिकाणी ३० म्हणून नोंदवले जातात.