डबीवर पत्ता का नाही?

भाचीचे पाय सुजले तेव्हा वाटलं, लग्नाची धावपळ आहे. खानापूर-बेळगाव रोजच्या खेपा, पोटात वेळेवर अन्न नाही. मग सकाळी डोळेही सुजायला लागले. डॉक्टरांनी लघवीला फेस येतो का विचारलं, आणि लगेच, "तोंडाला काय लावतेस?"

पोरगी गप्प. घरी आल्यावर मला म्हणाली, "लग्नापर्यंतच लावतोय की गं आत्या."

कपाटातून गोरं करणाऱ्या क्रीमची सोनेरी झाकणाची डबी निघाली. चष्मा लावून चारी बाजूंनी फिरवून बघितली. कंपनीचा पत्ता नाही, परवाना नंबर नाही, बॅच नाही. बाहेरच्या देशातली म्हणावी तर आयातीचा नोंदणी नंबरही नाही. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर आपल्या भागात इतकी वर्षं भांडण चाललंय, आणि पोरी तोंडाला काय फासतात ते कुठल्याच भाषेत लिहिलेलं नाही!

अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. कातडीत रंग तयार होतो ती क्रियाच पारा अडवतो, म्हणून चेहरा उजळतो. लावायचं थांबवलं की मूळ रंग परत येतो, म्हणून पोरी थांबत नाहीत. तोवर तो रक्तातून किडनीत जाऊन बसतो. टॉवेलला, उशीला लागून घरातल्या इतरांच्याही अंगात जातो. आमची धाकटी त्याच टॉवेलला तोंड पुसत होती, हे आठवलं की काळजात चर्र होतं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे १५ रुग्ण सापडले, त्यातले १३ जण गोरं करणाऱ्या क्रीम लावत होते. कायदा नाही असंही नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दहा लाखांत एका भागाच्या वर चालत नाही.

पण मला खरा राग आहे तो आमच्याच सोप्यातल्या एका वाक्याचा. बघायला आलेल्या बाई म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे, जरा उजळ असती तर..." मी पोह्यांच्या बश्या घेऊन तिथंच उभी होते. एक शब्द बोलले नाही. त्याच आठवड्यात डबी घरात आली.

क्रीम बंद आहे, औषधं चालू आहेत, सूज उतरतेय. लग्न पुढं ढकललंय. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काकू, सगळ्या पोरी हेच नेतात." मागच्या फळीवर अजून सहा डब्या होत्या, मी मोजल्या.

आमची डबी कागदात बांधून ठेवली आहे. सोमवारी औषध नियंत्रण खात्यात तक्रारीबरोबर देणार. तुमच्या घरी अशी बिनपत्त्याची डबी असेल तर फेकू नका, मला कळवा. बरोबर घेऊन जाते.