बाहेरून आत येता येत नाही

माझी तक्रार काल दुपारी ‘समाधानकारकरीत्या निवारण्यात आली’. माझं नाही, इंटरनेट कंपनीच्या मेसेजचं समाधान झालंय.

प्रकरण साधं आहे. घरात जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन बसवलंय, म्हणजे घरचे व्हिडिओ आणि चॅनेल नेटवरून कुठल्याही टीव्हीवर दाखवणारा प्रोग्राम. गच्चीतल्या छत्रीतून फ्री डिशचे चॅनेल ट्यूनरमध्ये, तिथून टीव्हीहेडएंड या चॅनेल पकडणाऱ्या प्रोग्राममध्ये आणि तिथून जेलीफिनमध्ये येतात. घरात सगळं झकास चालतं. पण बाबा ताईकडे बंगळुरूला गेले आणि तिथल्या टीव्हीवर त्यांना सह्याद्री हवी झाली. राउटरमध्ये ८०९६ पोर्ट, म्हणजे जेलीफिनचं दार, उघडलं, फायरवॉलची मनधरणी केली. बाहेरून ढिम्म. शेवटी राउटरला मिळालेला पत्ता पाहिला तर तो १००.७२ पासून सुरू होणारा. तिथेच मेख होती.

जगात इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, पत्ते सुमारे ४२९ कोटी, तेही केव्हाच वाटून संपले. म्हणून २०१२ साली १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. बाहेर जगाला दिसणारा पत्ता (पब्लिक आयपी) एकच, आत शेकडो गिऱ्हाईकं. याला सीजीनॅट म्हणतात. अख्ख्या सोसायटीला एकच पत्रपेटी आणि पाकिटावर फ्लॅट नंबर लिहायची बंदी, असा हा कारभार. मी माझ्या दाराला कितीही भोकं पाडली तरी फाटकावर कोण ऐकतंय?

तक्रार नोंदवली. कंपनीचा पोरगा आला. बूट न काढता थेट राउटरपाशी.

“काका, नेट चालत नाही?”

(मी बेचाळीसचा आहे.)

“नेट चालतंय. बाहेरून आत येता येत नाही.”

“कोणाला?”

“माझ्या वडिलांना.”

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग मोबाईल काढून स्पीड टेस्ट लावली. “शंभर येतोय, काका.”

“स्पीड नकोय रे. पब्लिक आयपी हवाय.”

“आपलं सगळं नेट पब्लिकसाठीच आहे.”

मी वहीत चित्र काढलं. छत्री, लॅपटॉप, राउटर, बंगळुरू. त्याने ते फार मन लावून पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही केबल चालवता?”

“नाही!”

“तुमच्या छत्रीचे चॅनेल दुसऱ्या गावात दाखवता ना? लायसन लागतं त्याला.”

“अरे, एकच माणूस बघतो. माझा बाप!”

“सुरुवातीला सगळे असंच म्हणतात.” मग आवाज खाली आणून, अगदी कळवळ्याने, “आणि बाहेरून आत कोणी येऊ नये तेच बरं. आमच्या एका कस्टमरकडे आले होते. चाळीस हजार गेले.”

पुन्हा स्पीड टेस्ट. पुन्हा शंभर. “ओटीपी आला असेल, सांगा.”

मी सांगितला नाही. तो हललाच नाही. सोफ्यावर बसून पुढच्या कस्टमरला फोन लावला, पाणी मागितलं. बायकोने आतून आवाज दिला, “देऊन टाक बाबा, त्याला पण घर आहे.” दिला. त्या चार आकड्यांनी माझी तक्रार मेली.

कंपनीला फोन केला तर स्टॅटिक आयपी मिळेल म्हणाले, वर्षाचे वेगळे पैसे भरून, तेही कमर्शियल प्लॅनवर. म्हणजे घराला स्वतःचा पत्ता हवा असेल तर दुकान उघडा. वर नेट घेताना सीजीनॅट हा शब्द कुणी उच्चारतही नाही. ‘अनलिमिटेड’ मात्र पत्रकावर चार ठिकाणी.

शेवटी टेलस्केल टाकलं, दूरची यंत्रं एकमेकांना जोडणारा प्रोग्राम. त्यात दोन्ही टोकं आतून बाहेर जाऊन एकमेकांना शोधतात, फाटकवाल्याला विचारावं लागत नाही. काल रात्री सह्याद्री बंगळुरूला पोचली, पण अडखळत. फ्री डिशवरचा एमपीईजी-२ हा जुन्या धाटणीचा व्हिडिओ ताईच्या टीव्हीला पचेना, म्हणून लॅपटॉप तो उकलून एच.२६४ या नव्या धाटणीत पुन्हा बांधत बसला होता. पंख्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येत होता. निवेदिका दर वाक्याला थिजायची.

बाबांचा फोन आला.

“राहू दे तुझं. ताईने यूट्यूबवर लावून दिलंय.”